तारखेची पट्टी

उरकुडेंच्या दारात मी उभी राहिले तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते, आणि चंद्रपूरच्या रस्त्यावरचं डांबर तेवढ्यातच चपलेला चिकटायला लागलं होतं. माझ्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, एक वही होती आणि एक लांबट खाकी पाकीट होतं. पाकिटात उरकुडेंना कामावरून काढल्याचं पत्र होतं. ते द्यायचं, सही घ्यायची, कंपनीची हत्यारांची पेटी ताब्यात घ्यायची आणि अकराच्या बसनं नागपूरला परत फिरायचं, असा माझा बेत.

दार उघडलं ते पन्नाशीच्या एका काटक माणसानं. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, हातात ओला पंप.

"नागपूरहून आल्या ना? धोटे मॅडम? चला, बसा."

मी चप्पल काढायला वाकले.

"घरात नाई, गाडीवर बसा," ते म्हणाले. "बाळंतिणीच्या दवाखान्यातला कूलर रात्रीपासून बंद आहे. सात बाळं आहेत तिथी."

"उरकुडेजी, मला तुम्हाला एक कागद द्यायचाय."

"देजा ना. कागद काई नासत नाई."

तोवर त्यांनी मोटारसायकलला लाथ मारली होती. सात बाळांपुढे पाकीट काढणं मला जमलं नाही. मी पेटी मांडीवर घेऊन मागे बसले.

हे पत्र कसं निघालं ते सांगायला हवं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि नागपूरच्या 'गारवेल कूलर्स'मध्ये लागून आठ महिने झाले होते. मालक मधुसूदन बोकारे. त्यांना सगळे काकाजी म्हणत. एका शेडमध्ये पत्रे कापण्यापासून सुरुवात करून त्यांनी विदर्भभर कूलर नेले होते, आणि आता त्यांना सगळा धंदा एका पडद्यावर बघायचा होता. तो पडदा मी बनवला. खाली दोन तक्ते होते. एकात कुठला कूलर कुणाला कधी विकला ते. दुसऱ्यात कुठल्या कूलरची तक्रार कधी आली आणि कुठल्या मेकॅनिकनं ती कधी सोडवली ते. कूलरच्या नंबरावरून दोन्ही तक्ते मी एकमेकांना जोडले, आणि सगळ्यात वर एक तारखेची पट्टी ठेवली. पट्टी बोटानं सरकवली की त्या तारखांमधले आकडे खाली हजर.

काकाजींना त्या पट्टीचा नाद लागला. केबिनमधल्या भिंतीएवढ्या टीव्हीसमोर उभे राहून ते ती दिवसभर सरकवत. जेवण झालं की सरकवत, पाहुणे आले की सरकवून दाखवत.

सोळा मेच्या दुपारी त्यांनी पट्टी एक एप्रिल ते पंधरा मे अशी लावली आणि चौदा मेकॅनिकांची यादी बघितली. वर अमरावतीचे ढोक, सोडवलेल्या तक्रारी एकशे सव्वीस. तळाला चंद्रपूरचे पुंडलिक उरकुडे. तीन.

"नाव उरकुडे," काकाजी म्हणाले, "आन् दीड महिन्यात तीन कामं उरकली?"

कर्मचाऱ्यांचं बघणारे खापरे साहेब शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मी म्हणतच होतो."

ते काहीही म्हणत नव्हते. पण काकाजींनी उरकुडेंना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "काकाजी, खिडकीवर लटकून आहो, मंग बोलतो." फोन बंद झाला. काकाजींनी संध्याकाळपर्यंत वाट बघितली. उलट फोन आला नाही. मग पत्र टाईप झालं.

"पोस्टानं नको," खापरे म्हणाले. "हातात देऊन सही घेतलेली बरी. मीच गेलो असतो, पण मला उन्हाचा त्रास आहे." मग माझ्याकडे बघून, "रिपोर्ट तुझाच आहे ना?"

मला त्यात थोडा मानच वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्या पडद्यामुळे पहिल्यांदाच काहीतरी घडत होतं.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला कपाटाएवढा कूलर होता. उरकुडेंनी मला टॉर्च धरायला लावला आणि स्वतः कमरेपर्यंत आत शिरले. मी कूलरच्या पाठीवरचा नंबर वाचला आणि फोनवर माझाच रिपोर्ट उघडून त्यात टाकला. पट्टी काकाजींनी ठेवलेल्या तारखांवरच होती. उत्तर आलं: नोंद नाही.

मी परत टाकला. नोंद नाही.

गारवेलची पत्र्याची पाटी तर समोर ठसठशीत दिसत होती. पण नागपुरात तशा पाट्या ठोकून नकली कूलर विकणारी चार दुकानं मला स्वतःला माहीत होती. म्हणजे हे प्रकरण नुसत्या कामचुकारपणाचं नव्हतं. कंपनीचा माणूस, कंपनीची गाडी, कंपनीच्या वेळेत, आणि दुरुस्ती नकली कूलरची. मी वही काढली आणि लिहिलं: 'क्र. १. दवाखाना. बनावट.'

"मॅडम, उजेड," आतून आवाज आला. मी टॉर्च सरळ केला.

दहा मिनिटांत पंप बसला, पाणी कूलरच्या गवती ताट्यांवरून ओघळायला लागलं आणि आतून एका बाईचा आवाज आला, "आलं बाई, वारं आलं." उरकुडे बाहेर आले ते गळ्यापर्यंत भिजलेले. त्यांनी दुपट्टा पिळला, परत गुंडाळला आणि विचारलं, "कागद आता देता का बँकेतून आल्यावर?"

"बँकेतून आल्यावर," मी म्हणाले. कारण आता मला पुरावा गोळा करायचा होता.

बँक: नोंद नाही. शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं दुकान: नोंद नाही. रेल्वेतल्या एका निवृत्त गार्डाचं घर: नोंद नाही. होमिओपॅथीच्या डॉक्टरकडे कूलरखाली मांजर व्याली होती, तिथे पिलं हलवण्यातच अर्धा तास गेला, आणि नोंद नाहीच. माझ्या वहीत टोळीचा आराखडा तयार होत होता. हे कूलर कोण बनवतं, कोण पोचवतं, उरकुडेंचा हिस्सा किती, सगळ्यासाठी मी रकाने आखले. सहाव्या घरात नुकतंच लग्न झालेलं जोडपं होतं. कूलर आंदणात आलेला, त्यावरचं हळदीचं बोट अजून पुसलेलं नव्हतं. मी नंबर टाकला आणि तो लगेच सापडला. विक्री, बावीस एप्रिल. त्यामुळे तर माझी खात्रीच पटली. माझा रिपोर्ट ठणठणीत होता. खरा कूलर समोर आला की तो बरोबर ओळखत होता.

दुपारी एक वाजता उरकुडे म्हणाले, "आता जेवाले घरी. उन्हात उपाशी फिरलं की माणूस पडते."

मी नको म्हणाले. ज्याला काढायला आले त्याच्याच घरी जेवायचं कसं? पण रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं आणि हॉटेलांची दारं ओढलेली होती. गेले.

शेवंताकाकूंनी, म्हणजे उरकुडेंच्या बायकोनं, पाट मांडले. भात, वरण, अंबाडीची भाजी, आंब्याचं रायतं. खोली भट्टीसारखी तापलेली. खिडकीत गारवेलचा कूलर होता, पण त्याचा पंखा नुसता गरम वारा फेकत होता. काकू एका हातानं वाढत होत्या आणि दुसऱ्या हातानं मला सुपानं वारा घालत होत्या.

"कूलरला पाणी नाही का?" मी विचारलं.

"पाणी आहे. पंप सकाळी दवाखान्यात गेला," काकू म्हणाल्या. "मागच्या हप्त्यात एक कॉलेजात गेला होता. तो शेजारणीचा."

मी उरकुडेंकडे बघितलं.

"नवीन पंप येऊन नाई राहिले," ते म्हणाले. "पंधरा दिवस झाले. नागपूरले विचारलं तर सांगते, चंद्रपूरच्या तक्रारीच नाई तर पंप कायले? सगळे अमरावतीले पाठोले म्हणे."

ते काकाजींनी पट्टी बघूनच केलं होतं, हे मला माहीत होतं. पण मी स्वतःला बजावलं की गुन्हेगाराच्या घरीसुद्धा माणसं प्रेमळ असतात. आणि आता लांबवण्यात अर्थ नव्हता.

"उरकुडेजी," मी म्हणाले, "तुम्ही नकली कूलर दुरुस्त करता का?"

त्यांचा घास हातातच राहिला. काकूंचं सूप थांबलं. उरकुडेंनी बराच वेळ विचार केला.

"हाव," ते म्हणाले. "एक केला होता."

मी ताटावर बसल्याबसल्या डाव्या हातानं वही ओढली.

"दोन हजार आठमंधी. ठाणेदाराचा होता. नाई म्हणाची हिंमत नाई झाली."

"आणि आजचे?"

"आजचे कोनते?"

"सकाळपासूनचे पाच. एकाचीही नोंद कंपनीकडे नाही."

उरकुडे आता खरोखर बुचकळ्यात पडले. ते नाराज झाले असते, चिडले असते, तर मला सोपं गेलं असतं. ते नुसते म्हणाले, "असं कसं होईन? तक्रार तर तुमच्याच ऑफिसातून येते मले." मग ताट बाजूला सारून उठले. "चला. लीलाताईकडे जाऊ. त्या सगळं लिहून ठेवते."

लीलाताई भोंगळे म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. वय सत्तरच्या पुढे, चष्म्याला दोरी. त्यांच्या कूलरची मोटर आवाज करत होती. उरकुडे कामाला लागले आणि मी नंबर टाकला. नोंद नाही. मी फोन त्यांच्यासमोर धरला.

"आजी, हा कूलर गारवेलचा नाही. तुम्हाला फसवलंय कुणीतरी."

लीलाताईंनी चष्मा लावून फोन बघितला, मग मला बघितलं. शाळेतल्या बाई उदाहरण चुकीचं सोडवणाऱ्या मुलीकडे बघतात तशा. आत गेल्या आणि एक प्लास्टिकची फाईल घेऊन आल्या. त्यात कूलरची पावती होती, गारवेलच्या शिक्क्याची, हमीपत्रासकट. तारीख तीन मार्च. मग त्यांनी स्वतःचा फोन काढून संदेश दाखवला. 'आपली तक्रार नोंदवली आहे. आपले मेकॅनिक: पुंडलिक उरकुडे.' तो संदेश पाठवणारी यंत्रणा माझ्या टेबलापासून चार हातांवर होती.

"मार्चमध्ये घेतलात?" मी विचारलं.

"मग केव्हा घेणार? होळीच्या आत कूलर खिडकीत लागला पाहिजे. इथे एप्रिल-मे महिन्यात कूलर विकत घेतो तो एक तर पाहुणा असतो, नाही तर नवरा मुलगा."

नवरा मुलगा. बावीस एप्रिल.

मी तिथंच, त्यांच्या मोरीच्या उंबऱ्यावर बसले. फोनवर पट्टीचं डावं टोक धरलं आणि हळूच मागे ओढलं. एप्रिलवरून मार्च. उरकुडेंच्या नावापुढचा तीनचा आकडा चौऱ्याहत्तर झाला. फेब्रुवारीपर्यंत ओढलं, एकशे एकेचाळीस. सकाळची बँक आली, शिवणाची बाई आली. आणखी दोन वर्षं मागे ओढलं तेव्हा दवाखान्याचा कपाटाएवढा कूलरसुद्धा उगवला. पण मागच्या वर्षीच्या तक्रारीही सोबत आल्या, म्हणजे तेही खरं नव्हतं. मग मी पट्टी सोडून दिली, तक्रारींचा मूळ तक्ता उघडला आणि तक्रार सुटल्याची तारीख धरून मोजलं. एक एप्रिल ते पंधरा मे. उरकुडे, तीनशे अठरा. चौदा मेकॅनिकांत पहिले. दुसऱ्या नंबरावरच्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट.

लीलाताईंनी पन्हं दिलं ते प्यायले. उरकुडे मोटर लावून हात पुसत आले.

"सापडलं का?"

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी पट्टी कूलर विकल्याच्या तारखेला बांधली होती. काकाजी एप्रिल म्हणाले की एप्रिलमध्ये विकलेले कूलर तेवढे उरायचे, आणि तक्रारीही त्यांच्याच. त्याच्या आधी विकलेले कूलर गायब. त्यांच्या तक्रारी गायब. तुम्हीही गायब."

उरकुडेंनी मान हलवली, पण डोळ्यांत काही उतरलेलं दिसेना. मग हात पुसता पुसता म्हणाले, "म्हंजे आज दवाखान्यात कोन कोन आहे असं विचारलं, आन् तुमी या महिन्यात जन्मलेले तेवढे मोजले."

"हो."

"मंग सात बाळं दिसन. बाया नाई दिसनार."

"नाही दिसणार."

"आणि डॉक्टरीण तर मुळीच नाही," लीलाताई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. त्यांना ते उदाहरण पटलं होतं.

बाहेर आल्यावर उरकुडे गाडीजवळ थांबले. "चार राहिल्या अजून. त्या करू. मंग पाकीट देजा."

मी थबकले. मी कागद म्हणाले होते. पाकीट म्हणाले नव्हते, पत्र तर नाहीच.

"तुम्हाला माहीत होतं?"

"वणीच्या मेकॅनिकचा सकाळी सहाले फोन आला होता. खापरे साहेबानं त्याले विचारलं म्हणे, चंद्रपूर बी सांभाळशीन का."

"मग मला दिवसभर का फिरवलंत? सकाळीच का नाही म्हणालात, दाखवा ते पत्र म्हणून?"

"अकरा तक्रारी होत्या मॅडम," उरकुडे म्हणाले. "सकाळी पाकीट घेतलं असतं तर मी कंपनीचा नाई राह्यलो. मंग दवाखान्यात पंप कोनी लावला असता?" गाडीवर बसत म्हणाले, "आन् टॉर्च धराले माणूस पाह्यजेच होता."

उरलेल्या चार घरांमध्ये मी टॉर्च धरला, पाना दिला, एका ठिकाणी टाकीतला गाळ उपसला आणि वहीतली टोळीची पानं फाडून टाकली. सूर्य कलता कलता अकरावी तक्रार सुटली. परत घराशी आलो तेव्हा मी पाकीट पिशवीतच ठेवून काकाजींना फोन लावणार होते, पण उरकुडेंनी हात पुढे केला.

"द्या."

"आता कशाला? चूक कळली ना. मी काकाजींना सांगते."

"माझ्या नावानं आलं आहे ना? द्या मंग."

त्यांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं. 'आपणांस तात्काळ प्रभावाने सेवेतून कमी करण्यात येत आहे.' मग घराकडे तोंड करून हाक मारली, "शेवंते, बॅग भर. अहेरीले जाऊ."

काकू दारात आल्या. "काऊन?"

"तुह्या बहिणीच्या पोरीच्या लग्नाले."

काकू पदरानं तोंड पुसून आत पळाल्या, आणि आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. उरकुडेंनी मला समजावून सांगितलं. या कामाला एकोणीस वर्षं झाली. लग्नं सगळी मे महिन्यात, आणि मे महिन्यात चंद्रपूरच्या कूलर मेकॅनिकला सुट्टी नसते. या एकोणीस वर्षांत काकूंच्या माहेरची बावीस लग्नं झाली. काकूंनी एकही बघितलं नव्हतं.

"उरकुडेजी, मी पाया पडते. ते पत्र परत द्या."

"मी रागावलो नाई मॅडम," ते म्हणाले, आणि ते खरंच रागावलेले नव्हते, हीच अडचण होती. "पन पत्र चांगलं आहे." त्यांनी माझ्याकडचं पेन घेऊन दुसऱ्या प्रतीवर सही केली. सुवाच्य, पूर्ण नावानिशी.

मी अंगणात उभी राहून काकाजींना फोन लावला. तारीख, पट्टी, तीन, तीनशे अठरा, सगळं सांगितलं.

"मशीन चुकलं का?" काकाजींनी विचारलं.

"नाही. मी सांगितलं तेच त्यानं केलं. मीच चुकीचं सांगितलं."

"आन् अमरावतीच्या ढोकाले मी परवा शाल दिली."

"हो."

"पंप बी दिले."

"हो काकाजी."

"पुंडलिकले फोन दे."

मी दिला. काकाजींचा आवाज मला ऐकू येत होता, आधी मोठा, मग मध्यम, मग जवळजवळ विनवणीचा. उरकुडे 'हाव काकाजी, हाव काकाजी' म्हणत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "पन त्यात तात्काळ लिवलं आहे ना. तात्काळ म्हंजे मले समजते." फोन माझ्याकडे परत आला.

"धोटे," काकाजी म्हणाले, "तो चार दिवस येत नाई म्हणते. वणीवाल्याले वणीच पुरे झाली आहे. उद्यापासून चंद्रपूर तू पाह्य."

"मी? मला कूलरमधलं काही येत नाही."

"ते आता समजलंच आहे," काकाजी म्हणाले.

उरकुडेंनी हत्यारांची पेटी उचलून माझ्या हातात दिली. "तशी बी ताब्यात घ्याचीच होती ना तुमाले?" मग अर्धा तास ओट्यावर बसवून मला शिकवलं. पंप कसा काढायचा, कंडेन्सर कसा ओळखायचा, ताट्या कुठल्या बाजूनं सरकवायच्या. "लाइटचं बटन आधी बंद करा. बाकी सगळं चुकलं तरी चालते."

राहायला मी लीलाताईंकडे गेले. ते चार दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि चंद्रपुरातली काही कुटुंबंही विसरणार नाहीत. पहिल्या दिवशी मी पंपाची नळी उलटी लावली आणि शिवणाच्या दुकानातले तयार ब्लाऊज भिजवले. त्या बाईनं मला ते वाळत घालायला लावले. दुसऱ्या दिवशी एका घरी तासभर झगडल्यावर लीलाताईंनी, त्या छत्री घेऊन सोबत येत, शांतपणे विचारलं की प्लग लावला आहे का. तो लावला नव्हता. उरकुडेंना मी चार दिवसांत एकतीस वेळा फोन केला. ते प्रत्येक वेळी घेत. मागे बँड वाजत असायचा, आणि ते ओरडून सांगायचे, "निळा! निळा वायर!" तिसऱ्या दिवशी हळद लागत असताना त्यांनी मला मोटरचं बेअरिंग समजावून दिलं. त्या संध्याकाळी काकाजींची स्वतःची गाडी चाळीस पंप घेऊन आली. त्यातला पहिला मी काकूंच्या खिडकीत बसवला. तो पाचव्या प्रयत्नात चालला.

पाचव्या दिवशी काकाजी स्वतःच आले, खापरेंना घेऊन. खापरेंनी डोक्यावर ओला टॉवेल ठेवला होता आणि हातात नवं पत्र होतं. उरकुडे त्याच सकाळी अहेरीहून परतले होते. त्यांनी पत्र वाचलं आणि परत दिलं.

"यात सतरा तारखेपासून कामावर आहे असं लिवलं."

"मग? म्हणजे काढलंच नाही असं झालं," खापरे म्हणाले. "तुमच्याच फायद्याचं आहे."

"मंग लग्नाचे चार दिवस मी गैरहजर धरला जाईन. बावीसपासून टाका. मधले चार दिवस मले काढलंच होतं."

खापरेंनी काकाजींकडे बघितलं. काकाजींनी उरकुडेंकडे बघितलं. मग म्हणाले, "बावीस टाक बे." आणि चपला काढून आत जाऊन बसले, कारण शेवंताकाकूंनी लग्नातल्या बुंदीचे लाडू आणले होते, आणि खोली गार होती.

नागपूरला परतल्यावर मी रिपोर्ट नव्यानं बांधला. आता वर दोन पट्ट्या होत्या. एक विक्रीच्या तारखेची, एक तक्रार सुटल्याच्या तारखेची, आणि प्रत्येकीवर ठळक अक्षरांत तिचं नाव. काकाजी आधी कुरकुरले. एका हातात चहाचा कप असतो, दुसऱ्या हातानं किती पट्ट्या सरकवायच्या, असं त्यांचं म्हणणं. पण सवय झाली. जूनच्या सुरुवातीला हंगाम संपता संपता त्यांनी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि मे महिन्याची यादी लावली. उरकुडे चार दिवस नसूनही वरच होते. अमरावतीचे ढोक आठवे आले. त्यांची शाल परत मागता येत नव्हती.

काकाजींचं बोट यादीवरून खाली खाली आलं आणि तळाशी थांबलं. तिथे चौदा नावांखाली पंधरावं नाव होतं. चंद्रपूर, चार दिवस, सोडवलेल्या तक्रारी सात.

"हा कोन बे?" त्यांनी विचारलं. चष्मा त्यांनी लावला नव्हता.

खापरे साहेबांनीही नाव वाचलं नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं. "पत्र टाईप करू का काकाजी?"

मी भिंतीला टेकून उभी होते. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

"थांब," काकाजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात पट्टीवरून मागे आला. "आधी मले सांग, ही तारीख कोनची आहे? विकल्याची का सुटल्याची?"

मी पुढे झाले. आधी एक पट्टी सरकवून दाखवली, मग दुसरी. दोन्ही तारखांनी मीच तळाला होते.